शौचालये मोजली, टाकीत उतरणारे नाहीत

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारातल्या एका शेतआखाड्यावर ११ मे २०२३ रोजी सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मरण पावले. सहावा अत्यवस्थ स्थितीत रुग्णालयात पोचला. सगळे एकमेकांच्या नात्यातले होते. हे पाच जण रोगाने गेले नाहीत, पुरात किंवा विजेने गेले नाहीत. जे काम माणसाकडून करून घेऊ नये असे देशाचा कायदा २०१३ पासून सांगतो, ते काम करताना गेले. म्हणून या घटनेला निव्वळ 'दुर्घटना' म्हणून बाजूला ठेवता येत नाही. कायदा संसदेने केला, तो राबवण्याच्या योजना केंद्र सरकारच्या आहेत आणि देशात असे किती जीव गेले हे संसदेत सांगण्याची जबाबदारीही केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची आहे. त्यामुळे प्रश्न एका शेतमालकापाशी संपत नाही.

सोनपेठमध्ये काही वेगळे होते असेही नाही. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला, सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या कुठल्याही फाट्याचा विचार करावा. रस्त्यालगत हॉटेले, ढाबे, दुकानांचे गाळे आणि त्यामागे नवी पक्की घरे. जवळपास प्रत्येकाच्या मागे जमिनीखाली एक टाकी. भुयारी गटार नाही, मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र नाही. टाकी भरली की मालक दोन गोष्टी करतो. जवळच्या शहरातून मैला उपसणारा टँकर मिळतो का ते पाहतो. टँकर मिळाला नाही, किंवा त्याचे भाडे जड वाटले, की चार मजूर, एक दोर आणि एक बादली बोलावतो. जिथे गटार नाही तिथे टाकी आहे आणि जिथे टाकी आहे तिथे कधी ना कधी तिच्यात उतरणारा माणूस आहे. मराठवाड्यातल्या शेकडो गावांचे आणि फाट्यांचे हेच चित्र आहे.

टाकीत नेमके काय होते, हे समजून घेतल्याशिवाय हा विषय कळणार नाही. बंद टाकीत हवा खेळत नाही. प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू तिथे मैला कुजवत राहतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. ते साठतात तशी टाकीतली साधी हवा बाहेर ढकलली जाते. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस थोड्याच वेळात शुद्ध हरपतो. अशा ठिकाणी दोन-चार श्वासांतच पाय लटपटतात. वर चढून येण्याएवढी ताकद आणि भान दोन्ही राहत नाही.

यातला सर्वांत घातक वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. कुजलेल्या अंड्याचा वास तो हाच. अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला तो कळतो आणि इथेच माणसाची फसगत होते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण १०० ते १५० भागांवर गेले की वास घेणाऱ्या मज्जातंतू बधिर होतात. वास येईनासा होतो आणि मजुराला वाटते, आता हवा मोकळी झाली. हेच प्रमाण ७०० ते १००० भागांवर गेले तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो आणि श्वास थांबतो. प्राणवायू वापरण्यासाठी पेशींना सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचे विकर लागते. सायनाइडप्रमाणेच हा वायू तेच विकर बंद पाडतो. फुप्फुसात हवा गेली तरी पेशीला तिचा उपयोग करता येत नाही.

हा वायू मैल्याच्या गाळात विरघळून राहतो आणि गाळ ढवळला की एकदम बाहेर पडतो. त्यामुळे झाकण काढून टाकी तासभर उघडी ठेवली म्हणजे झाले, हा समज खोटा आहे. फावडे घातले की त्या क्षणी टाकीतली हवा बदलू शकते. तोंडाला गमछा बांधण्याने काही होत नाही. साध्या मास्कनेही नाही, कारण मास्क नसलेला प्राणवायू तयार करू शकत नाही. काडी पेटवून किंवा कंदील सोडून हवा तपासण्याची पद्धत तर त्याहून धोक्याची, कारण ठरावीक प्रमाणात साठलेला मिथेन स्फोट घडवतो.

एका टाकीत पाच-पाच जीव कसे जातात, याचे उत्तरही वैद्यकशास्त्राकडे आहे. पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अमेरिकेच्या कामगार आरोग्य संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की अशा बंदिस्त जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे असतात. जिथे मजुरांची टोळी एकाच घरातली किंवा नात्यातली असते, तिथे वर उभा राहून कुणी थांबूच शकत नाही. म्हणून हे पक्के लक्षात ठेवायला हवे, की कोसळलेल्या माणसामागे कुणीही टाकीत उतरू नये. कमरेला दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढावे, पंप किंवा पंख्याने टाकीत हवा सोडावी, १०१ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी. बाहेर काढल्यावर मोकळ्या हवेत आडवे झोपवावे. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी, तोंडाने श्वास देण्याच्या फंदात पडू नये. रुग्णालयात मुख्य उपचार प्राणवायू आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच असतो. खात्रीने गुण येईल असा उतारा या विषावर नाही. तांड्यावरून रुग्णालयात पोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

थोडक्यात, या मृत्यूत अनपेक्षित असे काहीच नाही. कारण माहीत आहे, तो टाळण्याचा उपाय माहीत आहे आणि तो उपाय महागडे औषध नसून एक पंप आणि एक नळी आहे. जो मृत्यू इतका ओळखीचा आणि इतका टाळण्याजोगा आहे, तो वर्षानुवर्षे होत राहिला तर तो आरोग्याचा प्रश्न राहत नाही, हक्काचा होतो.

हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ मध्ये झाला. तो मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. बेझवाडा विल्सन आणि सफाई कर्मचारी आंदोलनाच्या लांबलेल्या लढ्यानंतर २०१३ मध्ये दुसरा, अधिक व्यापक कायदा झाला आणि तो ६ डिसेंबर २०१३ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाण दिनी, अमलात आला. गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही कामावर लावणे हा त्यानुसार दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूसाठी कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम ३० लाखांवर नेली. कायद्यात आणि निकालात उणीव शोधायला फारशी जागा नाही. उणीव आहे ती सरकारच्या मोजणीत.

जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले, की हाताने मैला उचलण्यामुळे देशात एकाही मृत्यूची नोंद नाही. पुढे जुलै २०२३ मध्ये याच मंत्रालयाने लोकसभेत आकडा दिला, की २०१८ पासून गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना ३३९ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे आठवड्याला एकाहून अधिक. सरकारी भाषेत ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतात. कारण कायद्याने 'हाताने मैला उचलणे' आणि 'धोकादायक सफाई' अशा दोन व्याख्या केल्या आहेत. टाकीत मेलेला माणूस दुसऱ्या रकान्यात टाकला की पहिल्या रकान्यात शून्य उरते आणि तेच शून्य अभिमानाने सांगता येते. ज्याच्या छातीत मैला भरून मृत्यू आला, त्याच्या घरच्यांना हा फरक समजावून सांगण्याची हिंमत कुणी करू नये.

३३९ हा आकडाही किमान मानावा लागतो. टाकीतला मृत्यू पोलीस ठाण्यात बहुतेक वेळा 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदला जातो. शवविच्छेदन अहवालात 'श्वासावरोध' एवढाच शब्द येतो. टाकीत उतरायला कुणी सांगितले, साधने होती का, हे त्या शब्दात कुठेच नसते. २०१३ च्या कायद्याचे कलम लागले नाही, तर तो मृत्यू त्या कायद्याखालच्या यादीत पोचतोच असे नाही. खिशातली नाणी किंवा अंगावरची चांदी काळी पडली होती का, टाकी किती दिवस बंद होती, कोणते काम चालू होते या साध्या नोंदी डॉक्टरने केल्या तर मृत्यूचे कारण नुसते 'श्वासावरोध' राहत नाही. शासकीय रुग्णालयांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना अशा नोंदीचा ठरावीक नमुना द्यायला केंद्राला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

केंद्राने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. याच मंत्रालयाने २०२२ आणि २०२३ मधल्या मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करून घेतले. त्याचा अहवाल जुलै २०२५ मध्ये संसदेपुढे आला. त्या दोन वर्षांतल्या १५० मृत्यूंपैकी ५४ मृत्यू तपासले गेले. त्यातल्या ४९ जणांच्या अंगावर सुरक्षेचे एकही साधन नव्हते. ३८ जणांना व्यक्तिशः, सुट्ट्या मजुरीवर बोलावलेले होते. म्हणजे सरकारच्याच पाहणीने सरकारलाच सांगितले, की मरणारा माणूस बहुधा कुठल्याही नगरपालिकेच्या हजेरीपटावर नसतो. हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे, कारण सरकारच्या योजना नेमक्या उलट गृहीतकावर उभ्या आहेत.

नोव्हेंबर २०२० मध्ये 'सफाईमित्र सुरक्षा चॅलेंज' सुरू झाले. २४३ शहरांत ३० एप्रिल २०२१ पर्यंत धोकादायक सफाई पूर्ण थांबवायची, असे ठरले. १४४२० हा मदत क्रमांक सुरू झाला. २०२३-२४ पासून 'नमस्ते' ही योजना आली. नाव नोंदवलेल्या सफाई कामगारांना सुरक्षा साहित्याचा संच आणि आयुष्मान कार्ड, यंत्र घेण्यासाठी अनुदान आणि सफाईत एकही बळी जाऊ नये हे तिचे उद्दिष्ट. पण हा सगळा पसारा शहरांच्या हद्दीत, नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांपुरता आखलेला आहे. भाऊचा तांडा शहर नाही. देवगाव फाटाही शहर नाही. इथल्या टाक्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतात आणि टाकी उपसण्यासाठी ना ग्रामपंचायतीकडे टँकर आहे, ना टाकीत उतरणाऱ्या मजुराचे नाव कुठल्या यादीत आहे. शहरातल्या कामगाराला अपुरे का होईना एक छप्पर मिळाले. फाट्यावरचा मजूर पावसातच राहिला.

आता या टाक्या कुठून आल्या ते पाहू. स्वच्छ भारत अभियानात २ ऑक्टोबर २०१४ ते २ ऑक्टोबर २०१९ या पाच वर्षांत ग्रामीण भारतात १० कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. त्याने गावोगावच्या बाईला अंधाराची वाट पाहण्यातून सोडवले, अतिसार आणि जंतांना काही प्रमाणात आळा घातला. ते मोठे काम आहे. पण शौचालय हा मैल्याच्या प्रवासाचा पहिला टप्पा आहे. अभियानाचा भर दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयावर होता. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, पहिल्यातला मैला वर्ष-दोन वर्षांत कुजून कोरडे खत होते आणि ते उपसायला धोका नसतो. परभणीसारख्या काळ्या, चिकण जमिनीत मात्र पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो. शिवाय दुसऱ्या खड्ड्याला जागा लागते आणि खत झाले तरी ते हातात घ्यायला मन धजत नाही. म्हणून ज्याला परवडते तो सिमेंटची मोठी टाकी बांधतो आणि वीस वर्षे भरू नये म्हणून आणखी मोठी बांधतो. दोन-तीन वर्षांनी उपसायची टाकी दहा-पंधरा वर्षे उपसली जात नाही. गाळ घट्ट होतो, वायू साठत जातो आणि उतरणाऱ्याचा धोका तेवढा वाढतो. शौचालय बांधून घेताना घराच्या भिंतीवर फोटो काढला गेला, टाकी उपसण्याची सोय कुणी पाहिली नाही.

पैशाकडे पाहिले तर प्राधान्यक्रम आणखी स्पष्ट होतो. शहरी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्याचा अंदाजित खर्च सुमारे १ लाख ४१ हजार ६०० कोटी रुपये. 'नमस्ते' योजनेसाठी तीन वर्षांची तरतूद सुमारे ३५० कोटी. दोन्ही योजनांचा आवाका वेगळा आहे हे मान्य केले, तरी स्वच्छतेवर खर्च होणाऱ्या चारशे रुपयांतला जेमतेम एक रुपया स्वच्छता करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी बाजूला निघतो, हे गणित अस्वस्थ करणारे आहे.

या अनास्थेमागे जात आहे, हे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरकारने केलेल्या दोन पाहण्यांत हाताने मैला उचलणारे ५८ हजारांवर लोक सापडले. त्यांच्यापैकी ज्यांच्या जातीची माहिती मिळाली, त्यांत सुमारे ९७ टक्के अनुसूचित जातींचे होते. आता गावाकडे हे काम जातीची चौकट ओलांडून भूमिहीन, कर्जबाजारी, कुठल्याही समाजाच्या मजुरापर्यंत पोचते आहे. यात सुटका कुणाचीच नाही. जुन्या धंद्याची घाण तीच राहिली, उतरणारे हात फक्त वाढले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतः केले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मिळावे म्हणून ते अडून बसले आणि त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनी उपोषण केले. पुढे त्यांनी माणसाच्या हाताला मैला लागू नये अशी संडासाची रचना घडवण्यात वर्षे घालवली. यंत्राने आणि रचनेने माणसाची सुटका करायची, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही.

स्वच्छता हा राज्यांचा विषय आहे, असे उत्तर दिल्लीतून नेहमी येते. ते कागदावर बरोबर आहे आणि महाराष्ट्र शासन, जिल्हा परिषदा, टाकीचे मालक कुणीही यातून सुटत नाहीत. पण शौचालय बांधताना हा विषय राज्यांचा म्हणून केंद्र थांबले नव्हते. उद्दिष्ट दिले, निधी दिला, प्रत्येक शौचालयाची संगणकावर नोंद मागितली आणि श्रेयही घेतले. जी यंत्रणा घरोघरचे शौचालय मोजू शकते, तिला टाकीत मेलेला माणूस मोजता येत नाही, यावर कुणी विश्वास का ठेवावा? २०१३ च्या कायद्यानेच केंद्रीय मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली आहे आणि तिने सहा महिन्यांतून किमान एकदा बसावे असे सांगितले आहे. सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाच्या जागेचा हक्क सांगणारा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला आहे. जबाबदारी कुणाची, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. टाकीतला किंवा गटारातला प्रत्येक मृत्यू, मालक खासगी असो वा सरकारी, २०१३ च्या कायद्याखालीच नोंदला जावा आणि शवविच्छेदनात कामाचे स्वरूप लिहिणे बंधनकारक व्हावे. 'नमस्ते' योजना ग्रामपंचायतींना लागू व्हावी. प्रत्येक तालुक्याला मैला उपसणारा किमान एक टँकर आणि तो मैला रिकामा करायची योग्य जागा मिळावी, नाही तर टाकीतला मैला ओढ्यात जाईल आणि पटकी-कावीळ होऊन परत येईल. टँकरचे भाडे घरपट्टीसारखे थोडे थोडे, वर्षाला घेतले तर मजूर बोलावण्याचा मोह उरणार नाही. आणि नुकसानभरपाईचे ३० लाख मागायला विधवेने न्यायालयात जायची वेळ येऊ नये, जिल्हाधिकाऱ्यांनी ते घरी पोचवावेत.

तोवर एक गोष्ट कुठलाही मालक आजपासून करू शकतो. टाकी भरली तर टँकर येईपर्यंत थांबायचे, दूरचा असला तरी तोच बोलवायचा आणि कुणालाही, तो स्वतः तयार असला तरी, आत उतरू द्यायचे नाही. मजूर तयार असतो, कारण घरी चूल पेटायची असते. त्याची ही तयारी म्हणजे संमती नव्हे, हे ज्याच्या अंगणात टाकी आहे त्याने ओळखायला हवे. आणि संसदेत शून्य सांगणाऱ्या सरकारनेही.